बदला, पण पुसू नका: मार्व्हल आणि डीसीच्या संपादकांना खुले पत्र

मार्व्हल आणि डीसी या दोन्ही प्रकाशनांच्या संपादक मंडळींना,

स.न.वि.वि.

पत्र मराठीत आहे. न्यूयॉर्कला किंवा बरबँकला ते तुम्हाला कोण वाचून दाखवणार, हे मला ठाऊक नाही. पण तुमचे नायक घाट उतरून आमच्या वेंगुर्ल्यापर्यंत पोचले, तर त्यांच्याबद्दलचं आमचं म्हणणंही कधीतरी तुमच्यापर्यंत पोचेल, या भरवशावर लिहिते आहे.

मी वेंगुर्ले तालुक्यातलं एक लहानसं वाचनालय सांभाळते. तुमची कॉमिक्स विकत घेण्याइतके पैसे आमच्याकडे नसतात. ती येतात चाकरमान्यांच्या सामानातून. मुलं मोठी झाली, घरात जागा उरली नाही, की मुंबईची मंडळी गणपतीला येताना जुन्या अंकांचे गठ्ठे सुतळीने बांधून घेऊन येतात. त्यामुळे आमच्या कपाटात नव्वदच्या दशकातला सुपरमॅन २०१६ च्या कॅप्टन अमेरिकाला टेकून उभा असतो आणि मधले अंक कधीच नसतात. दर महिन्याला अंक घेणाऱ्या वाचकाला जे हळूहळू होताना दिसतं, ते आम्हाला एकदम दिसतं: नाव तेच, पोशाख साधारण तोच, आत माणूस मात्र भलताच. मुलं दोन अंक हातात धरून विचारतात, "काकी, ह्यातलो खरो खंयचो?"

आधीच सांगून ठेवते, बदलाबद्दल माझी तक्रार नाही. 'मूळचा' नायक परत आणा म्हणणाऱ्यांतली मी नव्हे. मूळचा म्हणजे कुठला? जून १९३८ च्या अंकात जेरी सीगल आणि जो शूस्टर यांनी जो सुपरमॅन आणला त्याला उडताच येत नव्हतं. तो मैलाच्या आठव्या हिश्श्याएवढी उडी मारायचा. पण त्या पहिल्याच गोष्टीत तो रात्री गव्हर्नरच्या घराची दारं फोडून आत घुसतो, कारण एका निरपराध बाईला देहदंड होणार असतो. बायकोला बडवणाऱ्या एका नवऱ्याला धरून भिंतीवर आपटतो. राजकारण्याला फितवणाऱ्या दलालाला उचलून टेलिफोनच्या तारांवरून धावतो. गरिबाघरच्या दोन तरुण पोरांनी मंदीच्या दिवसांत रचलेला हा माणूस रागीट होता आणि त्याचा राग कुणावर आहे हे स्वच्छ दिसत होतं. नंतर तो मवाळ होत गेला. १९५४ मध्ये तुमच्या धंद्याने स्वतःवर जी संहिता लादून घेतली, तिच्यात पोलीस, न्यायाधीश, सरकारी अधिकारी यांच्याविषयी अनादर वाटेल असं काही दाखवायचं नाही असा नियमच होता. त्या नियमाखाली सुपरमॅन गव्हर्नरचं दार फोडूच शकला नसता. मला तो पहिला, संतापलेला सुपरमॅन जास्त आवडतो. तरी नंतरचा खोटा होता असं मी म्हणणार नाही.

बॅटमॅनचं तर विचारूच नका. १९३९ मध्ये तो आला तेव्हा सुरुवातीच्या काही गोष्टींत त्याच्या हातात पिस्तूलही दिसतं. १९४० मध्ये रॉबिन हा पोरवयाचा साथीदार आला आणि बॅटमॅन पालक झाला, पन्नाशीच्या दशकात परग्रहावरच्या प्राण्यांशी झुंजला, सत्तरीत पुन्हा काळोखात गेला, १९८६ मध्ये म्हातारा आणि कडवट झाला. त्याचा शत्रू जोकर तर १९४० मध्ये पहिल्याच अंकात मरायचा होता. तुमच्याच एका संपादकाने त्याला जगवलं, एक चौकट बदलून घेतली, आणि त्या एका निर्णयावर पुढची सगळी दशकं उभी राहिली. संपादकाने योग्य वेळी मधे पडलं तर काय होतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

तेव्हा प्रश्न बदलाचा नाही. प्रश्न आहे तो घडलेलं पुसण्याचा.

हे मी कुठून शिकले ते सांगते. आमच्या पिढीला तुमच्याआधी वेताळ भेटला. तो तुमचा नव्हे, हे मला माहीत आहे. तो ली फॉक यांचा, १९३६ च्या फेब्रुवारीत अमेरिकन वर्तमानपत्रात आलेला फँटम. १९६४ पासून इंद्रजाल कॉमिक्समधून तो आपल्याकडे आला आणि मराठीत वेताळ झाला. (आमच्या शेजारी आरवलीला वेतोबा आहे. तो रात्री गावभर फिरून राखण करतो, म्हणून लोक त्याला चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा वाहतात. त्यामुळे मुखवटा घालून जंगलाची राखण करत फिरणारा वेताळ आम्हाला परका वाटलाच नाही.) इंद्रजालवाल्यांनीही त्यात बदल केले, बंगालशी नातं सांगणारं त्याचं जंगल आपल्याकडे डेंकाली झालं, आणि सिंग नावाचे चाचे 'सिंगा' झाले, म्हणजे इथे कुणाचं मन दुखायला नको. ते बदल आम्हाला कधी खुपले नाहीत. कारण वेताळाच्या गोष्टीचा कणा शाबूत होता: हा एकविसावा वेताळ आहे, याच्याआधी वीस होऊन गेले, ते सगळे मेले आणि गुहेत पुरलेले आहेत, त्यांनी काय केलं ते वह्यांमध्ये लिहून ठेवलेलं आहे. जगाला वाटतं तो अमर आहे. वाचकाला मात्र पहिल्यापासून ठाऊक असतं की बाप मेला म्हणून मुलाने मुखवटा चढवला. १९७७ मध्ये त्याने डायनाशी लग्न केलं, मग जुळी मुलं झाली, आणि त्या गुहेतली वंशावळ आणखी एक पायरी पुढे गेली. बाप मेला हे लपवून ठेवणारी ती कथा वाचकाशी कधी खोटं बोलली नाही.

तुमच्याकडेही हे होतं. स्पायडरमॅन १९६२ मध्ये आला तेव्हा पीटर पार्कर शाळकरी पोर होता. १९६५ मध्ये तो शाळा संपवून कॉलेजात गेला. कॉमिक्समधला नायक वाढतो, हे तेव्हा केवढं नवीन असेल! १९७३ मध्ये पीटरची प्रेयसी ग्वेन स्टेसी मेली. पुलावरून पडताना पीटरने तिला जाळ्याने धरलं आणि तरीही ती वाचली नाही. तो अंक आमच्या कपाटात पुनर्मुद्रणाच्या रूपात आहे आणि त्याचं ते पान इतक्यांनी उघडलंय की शिवण सुटली आहे. १९८७ मध्ये पीटरचं मेरी जेनशी लग्न झालं. वीस वर्षं तो संसार चालला. भाड्याचे वांधे, उशिरा घरी येणं, तिची नोकरी, त्याच्या जखमा. जगाला वाचवून आलेला माणूस रात्री स्वयंपाकघरात बायकोशी बोलतोय, हे मला कुठल्याही मारामारीपेक्षा जास्त खरं वाटायचं.

आणि २००७ मध्ये तुम्ही काय केलंत? गोळी लागून मरणाच्या दारात असलेल्या मे काकूंना वाचवण्यासाठी पीटर आणि मेरी जेन मेफिस्टो नावाच्या सैतानाशी सौदा करतात. किंमत: त्यांचं लग्न. घटस्फोट नव्हे, ताटातूट नव्हे. ते लग्न झालंच नव्हतं असं जग. लग्नामुळे पीटर म्हातारा वाटतो, असं तुमच्या मंडळींचं म्हणणं होतं. मला यातली प्रत्येक गोष्ट चुकीची वाटते. ताकद आली की जबाबदारी येते, हे ज्याला काकांच्या मरणातून कळलं, तो पीटर स्वतःच्या संकटाची किंमत सैतानाकडून ठरवून घेतो? म्हाताऱ्या काकूंना जाऊ देणं हेच त्या वयाला आलेल्या पीटरचं खरं दुःख होतं, आणि ते तुम्ही त्याला भोगू दिलं नाहीत. शिवाय त्या वीस वर्षांत ज्यांनी स्वतः लग्नं केली, पोरं वाढवली, आईबाप पोचवले आणि दर महिन्याला पीटरकडे 'आपल्यातला एक' म्हणून पाहिलं, त्यांना तुम्ही सांगितलंत की तुम्ही वाचलंत ते घडलंच नाही.

आता बार्बरा गॉर्डन. या पत्राचं खरं कारण तीच आहे.

बार्बरा १९६७ पासून बॅटगर्ल, म्हणजे बॅटमॅनसारखाच मुखवटा घालून लढणारी मुलगी, होती आणि स्वतःही ग्रंथपाल होती, म्हणून ती माझी आधीपासूनच लाडकी. १९८८ च्या एका गाजलेल्या कथेत जोकर तिच्या घराचं दार वाजवतो आणि ती दार उघडताच तिला गोळी घालतो. का, तर तिच्या वडिलांना वेड लावायचं म्हणून. तिचं तिथे काहीच नव्हतं. ती फक्त कुणाच्यातरी दुःखाचं साधन होती. कमरेखालचं शरीर गेलं आणि तुमच्या लेखी तिचं काम संपलं. ते किम येल आणि जॉन ऑस्ट्रँडर या लेखक जोडप्याला सहन झालं नाही. १९८९ मध्ये त्यांनी तिला ओरॅकल म्हणून परत आणलं: व्हीलचेअरवर बसलेली, समोर संगणकाचे पडदे, जगभरातली माहिती तिच्या बोटांखाली, आणि पडद्यावर दिसणारा तिचा तो हिरवा मुखवट्याचा चेहरा. पुढची वीस-बावीस वर्षं बॅटमॅनपासून सगळे अडले की तिलाच विचारायचे. एका घाणेरड्या प्रसंगातून दोन लेखकांनी तुमच्या सबंध विश्वातलं एक फार मोठं पात्र उभं केलं. जे घडलं ते मान्य करून पुढे जायचं म्हणजे काय, ते हे.

आमच्या वाचनालयाला चिऱ्याच्या पाच-सहा पायऱ्या आहेत. रॅम्प करण्यासाठी अर्ज करून झालेत, त्याबद्दल इथे लिहीत नाही. एक मुलगी यायची, लहानपणच्या अपघातानंतर व्हीलचेअरवर असलेली. खुर्ची खाली आंब्याच्या सावलीत राहायची आणि वडील तिला उचलून वर आणून खिडकीजवळच्या बाकावर बसवायचे. इंग्रजी तिचं बेताचं, पण चित्रांवरून गोष्ट लावण्यात पटाईत. ओरॅकलचे अंक तिनेच गठ्ठ्यातून शोधून काढले. ते तिने किती वेळा वाचले असतील कोण जाणे. एकदा मला एक चौकट दाखवून म्हणाली, "बॅटमॅन हिला विचारून जातो, बघितलंस?" तिच्या दृष्टीने मुद्दा तेवढाच होता आणि तो पुरेसा होता.

मग कुणीतरी आणलेल्या गठ्ठ्यात २०११ चे अंक निघाले. तुम्ही सगळं विश्व नव्याने सुरू केलं होतंत, आणि बार्बरा पुन्हा बॅटगर्लच्या पोशाखात गच्च्यांवरून उड्या मारत होती. तिला गोळी लागली होती एवढं तुम्ही ठेवलंत; उपचारांनी ती बरी झाली असं सांगितलंत. ओरॅकलची वर्षं मात्र जवळजवळ नाहीशी केलीत. मुलीने तो अंक शेवटपर्यंत वाचला, मिटला आणि विचारलं, "म्हणजे चालायला लागली, तेव्हाच ती परत हिरोइन झाली?"

मी तिला काय उत्तर द्यायला हवं होतं, ते तुम्ही मला सांगा. हे मी मनापासून विचारते आहे. बॅटगर्लचा पोशाख घालायला तुमच्याकडे दुसऱ्या मुली होत्या. कॅसँड्रा केन होती, स्टेफनी ब्राउन होती, दोघींनीही तो समर्थपणे सांभाळला होता. ओरॅकल मात्र एकच होती.

आमच्या सिंधुदुर्गात दशावतार आहे. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की मोचेमाडकर, वालावलकर, पार्सेकर, चेंदवणकर अशा कंपन्या गावोगाव रात्रभर नाटकं करत फिरतात. त्यात लिहिलेली संहिता नसते. मंडळी देवळात पोचली की आज कुठलं आख्यान लावायचं ते ठरतं, राजपार्ट कुणाकडे, स्त्रीपार्ट कुणाकडे ते सांगितलं जातं, आणि मग प्रत्येक नट पेटाऱ्याला आरसा टेकवून आपला चेहरा आपणच रंगवतो. संवाद उभ्याउभ्या रचायचे. मागे हार्मोनियम, पखवाज, झांज आणि बसायला एक बाक. त्यामुळे भीम दर रात्री वेगळा बोलतो. अलीकडे ट्रिकसीन आले, रंगीत दिवे आले, धूर आला. म्हाताऱ्यांनी थोडी कुरकुर केली आणि तेही रांगेत पुढे बसून बघू लागले. पण भीमाने भीमासारखं वागलं नाही तर मागून कुणीतरी ओरडतंच, "ह्यो भीम नाय रे!" स्वभावाला धरून हवं ते बोल, एवढीच अट.

या अटीत तुम्ही २०१६ मध्ये नापास झालात. १९४१ मध्ये जो सायमन आणि जॅक कर्बी या दोन ज्यू घरांतल्या तरुणांनी, अमेरिका युद्धात उतरण्याआधी, हिटलरला ठोसा मारणारा कॅप्टन अमेरिका मुखपृष्ठावर काढला होता. त्याच माणसाच्या तोंडी तुम्ही हायड्राचा, म्हणजे तुमच्या गोष्टींतल्या नाझी वळणाच्या खलनायकी संघटनेचा, जयजयकार घातलात, आणि वर्षभराने खरा कॅप्टन वेगळाच होता असं सांगून सुटलात. धक्का देण्यासाठी एखाद्याचा स्वभाव मोडायचा आणि अंगाशी आलं की तो जादूचा खेळ होता म्हणायचं, हे आमच्या जत्रेत खपलं नसतं.

पण दशावताराशी तुमची तुलना एका ठिकाणी थांबते, आणि माझ्या मते सगळा झगडा तिथेच आहे. आज आमच्या गावात मेलेला अभिमन्यू उद्या पुढच्या गावात जिवंत उभा राहतो. त्यात कुणाची फसवणूक नसते, कारण कालचं लक्षात ठेवा असं कंपनीने कधी कुणाला सांगितलेलंच नसतं. तुम्ही मात्र सांगितलंत. 'मागील अंकात काय घडलं' हे तुमच्या पहिल्या पानावर असतं. अमुक क्रमांकाचा अंक पाहा अशा टिपा चौकटींच्या तळाशी असतात. वाचकाने दशकानुदशकांची आठवण सांभाळावी ही अट तुमची. आम्ही ती आनंदाने मान्य केली. मग ती मोडण्याचा एकतर्फी हक्क तुम्हाला कसा?

तुमची अडचण मला कळत नाही असं नाही. १९६२ चा पीटर खऱ्या वेगाने वाढला असता तर आज ऐंशीच्या घरात असता. सिनेमे, खेळणी, नव्या वाचकाला सोपी सुरुवात, हे सगळं सांभाळायचं असतं. म्हणून काळ हवा तितका सावकाश चालवा. वीस वर्षांत दोन वर्षांनी वाढवा. त्याला कुणाची हरकत नाही. नवा वाचक नायकाच्या वयाला घाबरतो, ही समजूत मात्र सोडा. आमच्याकडची मुलं सहाशेव्या अंकापासून सुरू करतात, कारण हाताशी तोच असतो, आणि दोन दिवसांत सगळी नाती त्यांना पाठ होतात. डिक ग्रेसन १९८४ मध्ये रॉबिनचा पोशाख उतरवून नाइटविंग झाला. बॅटमॅनच्या सावलीतून बाहेर पडलेला मुलगा म्हणून आजही मुलं त्याच्यावर जीव टाकतात. वॅली वेस्ट पोरसवदा किड फ्लॅशचा १९८६ मध्ये फ्लॅश झाला आणि पंचवीसेक वर्षं आमच्यासमोर संसारी माणूस झाला. २०११ मध्ये तोही गायब. सुपरमॅनच्या मुलाला, जॉनला, तुम्ही दहा वर्षांचा असताना अवकाशात धाडलंत आणि तो सतरा वर्षांचा होऊन परतला. मधलं बालपण वाचकालाही मिळालं नाही आणि त्याच्या आईबापांनाही.

कमला खानची गोष्ट अजून ताजी आहे. जर्सी सिटीतली ही मुलगी स्वतः सुपरहिरोंची चाहती; घरात अम्मी-अब्बूंचे नियम, बाहेर जग वाचवायचं. आमच्या मुलींना तिच्या घरातलं सगळं ओळखीचं वाटलं. २०२३ मध्ये तुम्ही तिला स्पायडरमॅनच्या अंकात, म्हणजे दुसऱ्याच्या घरी, मारलंत, आणि काही महिन्यांतच म्यूटंट, म्हणजे जन्मजात शक्ती असलेली, म्हणून उठवलंत. तिचं मरण तिच्या स्वतःच्या गोष्टीतसुद्धा नव्हतं.

मतदानाबद्दलही एकदा बोलायला हवं. १९८८ मध्ये तुम्ही फोनवर मतं मागवलीत: दुसरा रॉबिन, जेसन टॉड, जगावा की मरावा? ५,३४३ लोकांनी मरावा म्हटलं, ५,२७१ जणांनी जगावा. बहात्तर मतांनी एक पोरगा गेला. तसं विचारणंच मला क्रूर वाटतं. पण विचारलंत, कौल घेतलात, बॅटमॅनच्या मनावर तो मृत्यू पुढे पंधरा-सोळा वर्षं ओझ्यासारखा ठेवलात, आणि २००५ मध्ये जेसन जिवंत परत आला. वाचकाला विचारून केलेली गोष्टही टिकत नसेल, तर आमच्या शब्दाला तुमच्याकडे किंमत काय?

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. लेखक बदला, चित्रकार बदला, पोशाख बदला, मुखवट्याआडचा माणूसही बदला. माइल्स मोरालेस आला तेव्हा किती ओरड झाली, आणि आज आमच्याकडच्या निम्म्या पोरांचा स्पायडरमॅन तोच आहे. फक्त जे छापलं, विकलं आणि लोकांनी मनात ठेवलं, ते घडलं होतं असं माना. चूक झाली असेल तर किम येल आणि ऑस्ट्रँडर यांनी केलं तसं, चुकीच्या पुढे जाऊन दुरुस्त करा. ज्यांनी पात्रं घडवली त्यांच्या बाबतीत तरी तुम्ही उशिरा का होईना पुसलेलं परत लिहिलंत. बिल फिंगर यांचं नाव बॅटमॅनच्या श्रेयात यायला २०१५ उजाडलं, पण आलं. पात्रांच्या आयुष्यालाही तेवढाच न्याय द्या.

आणि हे तुम्हाला जमतं, हे तुम्हीच दाखवलंय. २०२४ मध्ये मार्व्हलने एका वेगळ्या विश्वातला स्पायडरमॅन सुरू केला: पस्तिशीचा पीटर, मेरी जेनशी लग्न झालेलं, घरात दोन मुलं. लोकांनी त्या अंकांवर उड्या टाकल्या, पुन्हा पुन्हा छपाई करावी लागली. म्हणजे लग्न झालेला पीटर वाचकाला म्हातारा वाटत नाही, याचा पुरावा तुमच्याच हिशेबाच्या वहीत आहे. आता १९६२ पासूनच्या पीटरला त्याची ती वीस वर्षं परत द्या. ओरॅकल काय होती, हे बार्बराच्या अंकांत ठळकपणे येऊ द्या. आणि पुढच्या वेळी एखाद्याचा भूतकाळ रद्द करण्याचा प्रस्ताव तुमच्या बैठकीत आला, तर हो म्हणण्याआधी त्या काळात आलेली वाचकांची पत्रं काढून वाचा. अंकाच्या शेवटच्या पानांवर तुम्हीच ती छापली आहेत.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक वाचक आणि ग्रंथपाल
ता. वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग